दोनशे वर्षांचं मरण

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत, एच. जे. अँड्र्यूज नावाचं सुमारे 6,400 हेक्टरचं संशोधन-जंगल आहे. 1985 साली मार्क हार्मन या शास्त्रज्ञाने तिथे पाचशेहून जास्त ओंडके मुद्दाम आणून टाकले. चार जातींच्या झाडांचे, साडेपाच मीटर लांबीचे, कवेत जेमतेम मावतील एवढ्या जाडीचे. पुढचं काम एकच: ते कसे कुजतात हे बघत राहायचं. प्रयोग संपायची तारीख 2185.

म्हणजे दोनशे वर्षं. हाच प्रयोग 1985 मध्ये संपवायचा असता, तर तो 1785 साली सुरू करावा लागला असता. तेव्हा पुण्यात अकरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत होते. मोजमाप करणाऱ्यांच्या पिढ्या उलटणार आणि ओंडका मात्र तिथेच पडून असणार. संशोधनाच्या निधीचा हिशेब तीन-चार वर्षांचा असतो, हे माहीत असणाऱ्याला हार्मनच्या धाडसाचं खरं अप्रूप वाटेल.

एवढा वेळ लागतो, कारण तिथल्या डग्लस फरसारख्या झाडाचं आयुष्यच तसं आहे. पाचशे वर्षं उभं राहायचं आणि पडल्यावर आणखी एक-दोन शतकं जागेवरच काढायची. जिवंत झाडाच्या खोडातलं बहुतेक लाकूड मृत पेशींचंच असतं. जिवंत भाग सालीखालच्या थरात आणि बाहेरच्या रसकाष्ठात थोडाफार. झाड मेलं की खरी गर्दी सुरू होते. भुंगेरे साल पोखरून आत शिरतात आणि येताना अंगावर बुरशीचे बीजाणू घेऊन येतात. त्यांच्या बोगद्यांतून पाणी आणि हवा आत जाते. एका प्रकारची बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे ठेवते. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ठोकळ्यांत तडकतं, बोटांनी दाबलं की भुगा. दुसऱ्या प्रकारची लिग्निनही सोडत नाही. तिथे उरतात पांढरट, ओलसर धागे. एकट्या फिनलंडच्या जंगलांत मेलेल्या लाकडावर अवलंबून असलेल्या जातींचा अंदाज 4,000 ते 5,000 आहे, म्हणजे तिथल्या वनजीवांपैकी पाचवा ते चौथा हिस्सा.

ओरेगॉन-वॉशिंग्टनच्या किनारी जंगलांत तर हिशेब फारच एकतर्फी निघतो. पडलेले ओंडके जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापतात आणि झाडांची नव्वद टक्क्यांहून जास्त रोपं त्या ओंडक्यांवरच उगवलेली सापडतात. खाली जमिनीवर शेवाळ आणि झुडपांची इतकी दाटी की कोवळ्या रोपाला पाय टेकायला जागा मिळत नाही. त्याच भागात कित्येक वर्षं सरकारी खाती ओढ्यांतले ओंडके ‘साफ’ करत होती, माशांची वाट मोकळी व्हावी म्हणून. त्याने डोह गेले, सामन माशांचा आसरा गेला आणि पुढे तसेच ओंडके हेलिकॉप्टरने परत आणून टाकावे लागले. सफाईची हौस महाग पडते ती अशी.

आता आकडा वाढवू. जगभरच्या जंगलांतल्या मेलेल्या लाकडात सुमारे 7,300 कोटी टन कार्बन साठलेला आहे. 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात सहा खंडांतल्या 55 ठिकाणी, 140 हून जास्त जातींच्या लाकडाचे तुकडे ठेवून ते किती झिजतात हे मोजलं होतं, काही तुकडे किडे शिरू नयेत म्हणून जाळीत बंद केले होते. त्यावरून निघालेला अंदाज असा: मेलेलं लाकूड दरवर्षी 1,090 कोटी टन कार्बन सोडतं. सेकंदाला सुमारे 345 टन. माणूस कोळसा आणि तेल जाळून सोडतो त्यापेक्षाही हे किंचित जास्तच आहे. फरक इतकाच की यातला काही भाग मातीत मुरतो आणि बराचसा वाढती झाडं परत ओढून घेतात. कोळशाच्या बाबतीत तेवढी परतफेड होत नाही. या 1,090 कोटींपैकी जवळजवळ 320 कोटी टन किड्यांच्या खात्यावर जातात, त्यातही वाळवीचा वाटा मोठा.

आणि या 1,090 कोटींतला 93 टक्के भाग उष्ण कटिबंधातला. उत्तरेच्या थंड जंगलात तीन सेंटिमीटर जाडीचा तुकडा वर्षाला साधारण 3.3 टक्के झिजतो, तर उष्ण कटिबंधात 28 टक्के. तिकडे निम्मा व्हायला वीस वर्षं लागतात, इकडे दोन-अडीच.

सह्याद्रीत ओरेगॉनसारखे शतकभर पडून राहिलेले ओंडके दिसत नाहीत, त्याचं एक कारण हे. पाऊस, उकाडा आणि वाळवी त्यांना फार दिवस टिकू देत नाहीत. म्हणून इकडे मोलाचं ठरतं ते उभ्याउभ्या आतून सडत चाललेलं झाड. धनेशाला स्वतःला लाकूड कोरता येत नाही. त्याला बेहड्यासारख्या जुन्या झाडात सडून तयार झालेली ढोलीच लागते, तीही एवढ्या मोठ्या पक्ष्याची मादी आत मावेल अशी. मादी आत शिरते, ढोलीचं तोंड विष्ठेने आणि मातीने लिंपून चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि तीन-चार महिने आत कोंडून घेते. तेवढा काळ नर त्या फटीतून फळं भरवत राहतो. एवढी ढोली पडायला झाड आधी खूप जाडजूड व्हावं लागतं, मग कुठे फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते आणि गाभा पोखरला जातो. रोप लावल्यापासून मोजलं तर हे माणसाच्या एका आयुष्यात बसणारं काम नाही.

कोकणातल्या कित्येक देवरायांत वाळकी काटकीही उचलायची नाही असा रिवाज होता. काही ठिकाणी तो अजून पाळला जातो. तो ठरवणाऱ्यांनी धनेशाचा विचार केला होता असं मी म्हणणार नाही, देवाचा धाक पुरेसा होता. चुलीला सरपण नेणाऱ्या बाईशी माझं भांडण नाही. पडलेली फांदी दोन वर्षांत वाळवीच खाणार आहे. पण पोकळ झालेला बेहडा ‘तसाही मेलाय’ म्हणून कोणी कुऱ्हाड काढली, की त्या जागी पुन्हा तशी ढोली व्हायला शंभराच्या वर पावसाळे लागतील.