बेणं राखलेला डोंगर

दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या मराठी पर्यटकाची वाट बहुधा ठरलेली असते. जोहान्सबर्गला उतरायचं, क्रूगरच्या जंगलात दोन-तीन दिवस काढायचे, मग केपटाउन आणि गार्डन रूटची किनारपट्टी पाहून परतायचं. ईस्टर्न केप प्रांतात, क्रॅडॉक गावापासून बारा किलोमीटरवर असलेलं माउंटन झेब्रा राष्ट्रीय उद्यान या आखणीत सहसा बसत नाही. क्रूगरचं क्षेत्र सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे आणि या उद्यानाचं जेमतेम २८४. इथे हत्ती नाहीत, जिराफ नाहीत. एका दिवसात ‘बिग फाइव्ह’ म्हणवले जाणारे पाच मोठे प्राणी दाखवण्याची हमी कुणी देत नाही. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून लहान उद्यान का पाहावं, हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे. त्याचं उत्तर ‘शांतता आणि निसर्गसौंदर्य’ एवढंच असेल, तर ते अपुरं ठरेल. शांतता पुष्कळ ठिकाणी मिळते. उद्यानाचं मोल तिथे किती प्राणी दिसतात यावर ठरवण्याची सवय आपल्याला लागली आहे, आणि ती सोडून द्यायला हवी. संपत आलेलं काय तिथे टिकलं आणि टिकलेलं तिथून कुठे कुठे पोहोचलं, ही खरी कसोटी. आपल्याकडे शेतकरी बेणं राखतो. ते कोपऱ्यातल्या लहानशा वाफ्यात असतं, पण पुढची सगळी शेती त्यावर उभी राहते. माउंटन झेब्रा उद्यानाने गेली ऐंशीहून अधिक वर्षं नेमकं तेच केलं आहे.

आधी जागेची ओळख. कारू हा दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातला कोरडा, विस्तीर्ण मुलूख. त्याच्या पूर्व कडेला बांकबर्गच्या डोंगररांगा आहेत आणि हे उद्यान त्यांच्याच कुशीत आहे. सर्वांत उंच माथा दोन हजार मीटरांपेक्षा थोडा कमी. पाऊस वर्षाला सुमारे ४०० मिलिमीटर, तोही मुख्यतः उन्हाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च या काळात. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो आणि अधूनमधून माथ्यांवर बर्फ पडतं. पश्चिमेकडची खुरटी झुडपं, पूर्वेकडची गवताळ रानं आणि घळींमधली काटेरी झाडी अशा तीन प्रकारच्या वनस्पती इथे एकमेकींत मिसळतात, म्हणून एवढ्याशा जागेत चरणाऱ्या प्राण्यांची विविधता मोठी आहे. रूईप्लाट नावाच्या उंच सपाट पठारावर झेब्रे, काळे विल्डबीस्ट, ब्लेसबॉक, स्प्रिंगबॉक आणि तांबडे हार्टबीस्ट एकाच नजरेच्या टप्प्यात चरताना दिसतात. खाली विल्गरबोम नदीच्या काठच्या झाडीत कुडू असतात आणि कड्यांच्या उतारांवर डोंगरी रीडबक. काळे गेंडे आणि रानरेडेही आहेत. झाडी विरळ असल्याने प्राणी दूरवरून दिसतात आणि बराच वेळ दिसत राहतात. क्रूगरच्या दाट झुडपांत हे क्वचितच घडतं.

उद्यान ज्याच्या नावाने ओळखलं जातं, त्या केप डोंगरी झेब्राकडे मात्र नीट थांबून पाहायला हवं. झेब्रांमध्ये हा सर्वांत लहान चणीचा. कान लांब, नाकाडाचा रंग विटकरी तपकिरी. गळ्याखाली, बैलाला असते तशी, पण आखूड, लोंबती कातडी. ती डोंगरी झेब्रांखेरीज इतर कुठल्या झेब्राला नसते. काळे पट्टे अरुंद आणि दाट असतात, पोटापाशी येऊन थांबतात आणि पोट पांढरंच राहतं. पायांवर मात्र ते थेट खुरांपर्यंत उतरतात. पुठ्ठ्यावरचे पट्टे एकदम रुंद होतात आणि शेपटीच्या वरच्या बाजूला बारीक आडव्या रेघांची जाळी दिसते. चित्रांत नेहमी दिसणारा सपाटीवरचा झेब्रा याच्या शेजारी उभा केला तर फरक लहान मुलालाही कळेल. याचे खूर अरुंद आणि कडक असतात, खडकाळ चढावर ते चांगले टिकतात. हजारोंचे कळप करून हा स्थलांतर करत नाही. एक नर, मोजक्या माद्या आणि त्यांची शिंगरं असं एकेक कुटुंब असतं. एकटे तरुण नर आपली वेगळी टोळी करून राहतात. मादीचा गर्भकाळ सुमारे वर्षभराचा. त्यामुळे संख्या एकदा ढासळली की ती भरून यायला फार वेळ लागतो.

ती कशी ढासळली, हे कळल्याशिवाय उद्यानाचं महत्त्व ध्यानात येत नाही. बंदुका आणि मेंढ्या घेऊन गोरे वसाहतवाले कारूत शिरले, तेव्हा इथे क्वागा नावाचा आणखी एक झेब्रा होता, अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागावरच पट्टे असलेला. मांस आणि कातड्यासाठी त्याची शिकार झाली, त्याचं गवत मेंढ्यांनी खाल्लं, आणि १८८३ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा क्वागा मेला. क्रॅडॉकमध्ये काही काळ राहिलेल्या ऑलिव्ह श्रायनरची, कारूतल्या शेतवस्तीचं जिणं जगासमोर आणणारी ‘द स्टोरी ऑफ अ‍ॅन आफ्रिकन फार्म’ ही कादंबरी त्याच साली प्रसिद्ध झाली. त्या भूमीला तिचा आवाज मिळत होता आणि त्याच वर्षी तिचा एक रहिवासी कायमचा नाहीसा झाला. हा योगायोग मला विसरता येत नाही. डोंगरी झेब्राही त्याच मार्गाला लागला होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुऱ्या जगात शंभराहून कमी झेब्रे उरले, तेही क्रॅडॉक, कामानासी आणि गामकाबर्ग अशा तीन डोंगराळ खिशांत, एकमेकांपासून तुटलेले.

१९३७ मध्ये उद्यान जाहीर झालं ते दीड हजार हेक्टरांच्या आसपासच्या एका शेतजमिनीवर. कळपात पाच नर आणि एकच मादी. अशा कळपाचं भवितव्य सांगायला तज्ज्ञ लागत नाही. १९५० पर्यंत तो संपल्यात जमा होता. उद्यान जगलं ते शेजाऱ्यांमुळे. लगतच्या एका शेतमालकाने आपल्या जमिनीवर सांभाळलेले अकरा झेब्रे दिले, त्यांत माद्या पुरेशा होत्या. १९६४ पर्यंत ते पंचवीसच्या घरात गेले. त्याच साली शेजारची डूर्नहुक ही शेतवाडी विकत घेण्यात आली. तिच्यासोबत आणखी तीसेक झेब्रे आले आणि क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांवर गेलं. पुढच्या दीड दशकात कळप इतका वाढला की इथले झेब्रे उचलून दुसऱ्या उद्यानांत सोडता येऊ लागले. २०१५ च्या सुमाराच्या गणनेत केप डोंगरी झेब्रांची संख्या सुमारे ४,८०० होती आणि ते पंचाहत्तर ठिकाणी पसरलेले होते. या नव्या वसाहतींपैकी बहुतेक सगळ्यांचं मूळ क्रॅडॉकच्या या कळपात आहे. दुसरे दोन खिसे त्याच काळात जेमतेम तग धरून राहिले, कारण तिथल्या झुडपाळ उतारांवर झेब्राला लागणारं गवत कमी. याचाही धडा आहे. डोंगरी झेब्रा डोंगरात सापडला म्हणून डोंगर हेच त्याचं सर्वांत सुखाचं घर, असं समजणं चुकीचं ठरलं; माणसाने हाकलून लावल्यावर तो तिथे आसऱ्याला गेला होता. पठारं आणि गवताळ सपाटी उद्यानात आली तसा तो बहरला. लहान उद्यान चालतं, पण त्यात योग्य जमीन असावी लागते.

यावर पहिला आक्षेप कुंपणाचा. चारी बाजूंनी कुंपण आहे, प्राणी माणसाने आणून सोडलेले आहेत; मग हे जंगल की मोठं प्राणिसंग्रहालय? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. २००७ मध्ये इथे चित्ते आणले, २००८ मध्ये तपकिरी तरस आणि २०१३ मध्ये सिंह. त्या डोंगरांत शंभराहून अधिक वर्षांनी सिंह परतला, तोही ट्रकमधून. पण प्राणिसंग्रहालयात प्राण्याला वेळच्या वेळी अन्न मिळतं आणि त्याला कुणी मारत नाही. इथे चित्त्याला स्प्रिंगबॉक धावून पकडावा लागतो, शिंगराला सिंहापासून वाचावं लागतं, आणि दुष्काळात गवत कमी पडलं तर त्याची झळ कळपाला बसते. शिकारी प्राणी येण्याआधी चरणाऱ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम पूर्णपणे माणसाच्या अंगावर होतं; आता त्यातला काही वाटा सिंह-चित्त्यांनी उचलला आहे. उरलेला माणसालाच उचलावा लागतो, कारण २८४ चौरस किलोमीटरमध्ये निसर्ग स्वतःचा सगळा तोल स्वतः सांभाळू शकत नाही. चित्ते वाढले तेव्हा काहींना इतर राखीव क्षेत्रांत हलवावं लागलं. दक्षिण आफ्रिकेतली अशी कितीतरी लहान कुंपणबंद क्षेत्रं एकमेकांत चित्त्यांची देवाणघेवाण करतात आणि सगळी मिळून एक मोठा कळप सांभाळतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आलेले बारा चित्ते या साखळीतूनच आले होते. म्हणजे लहान उद्यानाच्या या कार्यपद्धतीशी आता आपलाही थेट संबंध आहे, आणि ती समजून घेण्याचं एक कारण आपल्या घरातच उभं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला पूर्णपणे खोडता येत नाही. मूठभर प्राण्यांपासून वाढवलेल्या वंशात आनुवंशिक विविधता फार कमी उरते. बोंटेबोक राष्ट्रीय उद्यानातल्या डोंगरी झेब्रांमध्ये त्वचेवर गाठी येण्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध आकुंचित वंशाशी जोडला. सपाटीवरच्या झेब्राशी संकर होण्याचा धोकाही आहे. दोन्ही जाती एकाच कुंपणात ठेवल्या तर कष्टाने राखलेलं बेणं भेसळ होऊन जाईल. यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: कामानासी आणि गामकाबर्गच्या झेब्रांचं रक्त क्रॅडॉकच्या वंशात मिसळणं. पण ते दोन्ही खिसे इतके लहान की तिथून प्राणी काढायलाही भीती वाटते. ४,८०० हा आकडा वाचून निश्चिंत होणं म्हणूनच घातक आहे. अर्थात यात दोष उद्यान लहान असण्याचा नाही. संरक्षण उशिरा सुरू झालं, त्याची किंमत आज मोजावी लागते आहे. १९३७ ऐवजी तीस-चाळीस वर्षं आधी हेच लहान उद्यान झालं असतं, तर वंश एवढा आकुंचला नसता.

शिकारीचाही प्रश्न आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या सायटिस या वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत या झेब्राचं व्यापारावरचं सर्वांत कडक संरक्षण एक पायरी शिथिल झालं आणि खासगी मालकांना मर्यादित शिकारीतून उत्पन्न मिळवण्याची वाट मोकळी झाली. वाचवलेला प्राणी पुन्हा बंदुकीसमोर उभा करायचा, हे मनाला लागतं, आणि लागायलाच हवं. पण एकूण झेब्रांचा मोठा वाटा आज खासगी जमिनींवर आहे, आणि मेंढ्यांऐवजी झेब्रा पाळण्यात मालकाला काही लाभ दिसला नाही तर तो मेंढ्यांकडे वळेल. मला ही तडजोड आवडत नाही, तरी तिच्यामागचा हिशेब मान्य करावा लागतो. राष्ट्रीय उद्यान सरकारी आणि शिकारमुक्त असणं यामुळेच अधिक आवश्यक ठरतं: बाजाराचे भाव फिरले तरी निदान एक कळप त्यांच्यावर अवलंबून नसेल. या उद्यानापासून ग्राफ-रेनेटजवळच्या कामदेबू उद्यानापर्यंतच्या पट्ट्यातल्या शेतमालकांनी २०१६ मध्ये स्वेच्छेने अडीच लाखांहून अधिक हेक्टर जमीन संरक्षित पर्यावरण म्हणून नोंदवली. शेती चालू ठेवून डोंगर राखायचे, असा तो करार आहे. लहान उद्यानाने भोवतालच्या माणसांना सोबत घेतलं तर त्याची हद्द कुंपणापाशी संपत नाही, हे यातून दिसतं.

माणसांचा विषय निघाला म्हणून सांगायला हवं, की या डोंगरांना ‘अस्पर्श रान’ म्हणणं खोटं ठरेल. उद्यानातल्या खडकांच्या कपारींत सान लोकांनी काढलेली चित्रं आहेत. सालपीटरकॉपच्या माथ्यावर बोअर युद्धाच्या काळात तळ दिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी खडकात कोरलेला बुद्धिबळाचा पट आजही दिसतो. मार्गदर्शकासोबत चढून जाता येतं. आणि खाली क्रॅडॉकमध्ये मॅथ्यू गोनिवे, फोर्ट कलाटा, स्पॅरो म्कोंटो आणि सिसेलो म्ह्लाउली या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्यांचं स्मारक आहे. जून १९८५ मध्ये वर्णभेदी राजवटीच्या पोलिसांनी त्यांची हत्या केली. झेब्रांचं बेणं जपणाऱ्या राज्यव्यवस्थेनेच गावातल्या माणसांचे हक्क पायदळी तुडवले, हे विसरून उद्यानाची स्तुती करू नये. उद्यानाला भेट देणाऱ्याने गावातही थांबावं.

जायचं कसं, ते थोडक्यात. गार्डन रूटच्या पूर्व टोकाला असलेल्या गेबेर्हा, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथहून, एन-१० महामार्गाने अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. वाटेत अ‍ॅडो उद्यानात हत्ती पाहून पुढे जाता येतं. हा भाग मलेरियामुक्त आहे, त्यामुळे लहान मुलं आणि वयस्कर मंडळींसाठी क्रूगरपेक्षा सोयीचा. राहण्यासाठी उद्यानाच्या कुटिरांची सोय आहे. जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर भरपूर गरम कपडे न्या. रेडिओपट्टा बांधलेल्या चित्त्याचा माग काढत, शेवटचा टप्पा वनरक्षकासोबत पायी जाण्याचा कार्यक्रम असतो. तो आगाऊ नोंदवा, जागा मोजक्याच असतात. दोन रात्री तरी ठेवा आणि पहिली सकाळ रूईप्लाटच्या पठारासाठी राखा. झेब्रांची कुटुंबं तिथे हमखास भेटतात.