शरीफजी : एका विसरलेल्या नावाची कुळकथा

श्रोतेहो, पिशोरकडच्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडा. एखादा शहाजी हमखास सापडेल. माझ्या वर्गातूनही आजवर कितीतरी शहाजी येऊन गेले. पण शरीफजी? एकही नाही. आणि गंमत अशी, की ही दोन नावे एकाच घरात, एकाच नवसातून जन्माला आली. ते घरही लांबचे नव्हे, आपल्या वेरूळचे.

वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. मालोजीराजे आणि उमाबाई यांना बरेच दिवस मूल नव्हते. तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला त्यांनी नवस केला, दोन मुलगे झाले आणि पिराच्याच नावाचे दोन भाग करून थोरल्याचे नाव शहाजी व धाकट्याचे शरीफजी ठेवले, अशी परंपरा आहे. परमानंद कवीच्या संस्कृत 'शिवभारता'तही ही हकिकत आली आहे.

आता हे मालोजी कोण? तर घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे, शिखर शिंगणापूरला यात्रेकरूंसाठी तळे बांधणारे. त्या शिवभक्ताला पिराचे नाव पोराला ठेवताना काही अडचण वाटली नाही. नवस जिथे फळला तिथले नाव ठेवायचे, एवढा साधा हिशेब.

शब्दांकडे पाहू. 'शाह' हा फारसी, अर्थ राजा. 'शरीफ' अरबी, अर्थ कुलीन, थोर. शेवटचा 'जी' मात्र अस्सल आपल्या घरचा. मालोजींच्या भावाचे नाव विठोजी, म्हणजे विठोबाला 'जी' जोडला. त्या विठोजींच्या मुलांत नागोजी आहे, त्रिंबकजी आहे. त्याच मापाने शरीफचा शरीफजी झाला. पाहुणा शब्द आला, त्याला पाटावर बसवला, घरचा केला! आपल्याकडची पिराजी, फकीरा ही नावेही त्याच वळणाची. पुढच्या पिढीत शहाजीराजांच्या मुलाचे नाव शिवनेरीच्या शिवाई देवीवरून शिवाजी ठेवले, असे सांगतात. देवता बदलली, रीत तीच.

मग एक नाव तगले आणि दुसरे का हरपले? १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत दोघे भाऊ निजामशाहीच्या बाजूने लढले आणि शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजे पुढे चाळीस वर्षे जगले, छत्रपतींचे वडील म्हणून घरोघर पोचले. लोक नाव ठेवताना अर्थ फारसा पाहत नाहीत, माणूस पाहतात, असे मला वाटते. अर्थ पाहिला असता, तर 'कुलीन' हे काय वाईट नाव होते?

गुरुजनहो, मुलांची सहल लेणी पाहायला वेरूळला नेताच. तिथे मालोजींच्या गढीपाशी शहाजीराजांचे स्मारक आहे. तिथे दोन मिनिटे थांबा आणि धाकट्या भावाचे नाव काय होते, ते मुलांना विचारा.