फर्माची सहावी संख्या

दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा दोनशें छप्पन्न. असा वर्गाचा पुन्हां वर्ग करीत गेल्यास पुढें ६५,५३६ आणि त्यानंतर ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते. आतां दोहोंपासूनच्या या प्रत्येक संख्येंत एक मिळवावा. म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ अशा सहा संख्या तयार होतात. त्यांतील पहिल्या पांच मूळसंख्या आहेत. म्हणजे एक व ती संख्या स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही पूर्ण संख्येनें त्यांस निःशेष भाग जात नाहीं. मग सहावीचें काय?

फ्रान्समधील तुलूज येथें न्यायाधिकारी असलेला गणिती फर्मा यानें १६४० सालीं एका पत्रांत असें मत मांडलें कीं, या मालेंतील प्रत्येक संख्या मूळसंख्याच असावी. त्याची सिद्धता आपल्यापाशीं नाहीं, हेंही त्यानें सांगितलें होतें. पुढें १७२९ सालीं गोल्डबाख यानें याविषयीं तरुण ऑयलर यास पत्रानें विचारणा केली; आणि १७३२ सालीं ऑयलरनें दाखवून दिलें कीं, ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७. हा गुणाकार कोणासही घरीं कागदावर पडताळून पाहतां येईल.

सरसकट भागाकार करीत ६४१ पर्यंत पोंचावयाचें, तर ११६ मूळसंख्या तपासाव्या लागतात. परंतु ऑयलरनें पुढें सिद्ध केलें कीं, या सहाव्या संख्येस जिनें भाग जाईल, त्या मूळसंख्येस ६४ नें भागिलें असतां बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळसंख्या क्रमानें १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. पहिल्या चार निष्फळ ठरतात. पांचवीनें गांठ सुटते. श्रम वाचविणें हें सिद्धांताचें एक मोठें काम, तें हें असें.

मत चुकलें, तरी ही माला वायां गेली नाहीं. सतरा समान बाजूंची आकृति केवळ कर्कटक व बिनखुणेची पट्टी यांनीं काढतां येते, असें अठरा वर्षांच्या गाउसनें १७९६ सालीं सिद्ध केलें. त्यांतील सतरा ही याच मालेंतील तिसरी संख्या, आणि त्या सिद्धतेचें मर्म याच मालेंत आहे.

आज यंत्रांच्या साहाय्यानें सहावीपासून तेहतिसावीपर्यंतच्या सर्व संख्या विभाज्य ठरल्या आहेत. त्यामुळें पहिल्या पांचांपलीकडे या मालेंत मूळसंख्या नाहींच, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेंही अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. पांच उदाहरणांवरून काढलेलें अनुमान जेथें फसलें, तेथें अठ्ठावीस उदाहरणांवरून निकाल देण्याचा अधिकार तरी कोणास आहे?