एका मतदारसंघातले दोन तटकरे

संज्ञा

एकाच मतदारसंघातील दोन उमेदवारांचे नाव आणि आडनाव सारखे असले, की त्याला नामसाधर्म्य म्हणतात. असा नामबंधू बहुधा अपक्ष असतो. त्याला सरसकट ‘डमी’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. मुख्य अर्ज छाननीत बाद झालाच तर पर्याय असावा, म्हणून पक्ष स्वतः जो अर्ज भरून ठेवतो तो डमी. मुख्य अर्ज वैध ठरला की त्याचे काम संपते. नामबंधू मात्र मतमोजणीपर्यंत टिकतो.

रायगड, २०१४

लोकसभेच्या या लढतीत शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादी काँग्रेसच्या सुनील तटकरे यांच्यापुढे अवघ्या २,११० मतांनी निघाले. त्याच यादीत सुनील तटकरे नावाचा एक अपक्षही होता. त्याला ९,८४९ मते पडली. एकाचे वडील दत्तात्रेय, दुसऱ्याचे श्याम, एवढाच नावातला फरक. अपक्षाची सगळीच मते चुकून पडली असे म्हणता येत नाही, पण तसे म्हणण्याची गरजही नाही: पाचांतील एकाहून थोडी अधिक मते चुकीची असली तरी निकाल फिरला असता. केरळमधील आलप्पुळा येथे २००४ मध्ये गणित याहून कठोर होते. व्ही. एम. सुधीरन १,००९ मतांनी हरले आणि व्ही. एस. सुधीरन यांनी ८,२८२ मते घेतली.

चूक कुठे होते

मतपत्रिकेवर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णक्रम, अशी मांडणी असते. त्यामुळे पक्षाचा उमेदवार वर आणि नामबंधू बराच खाली येतो. एका बॅलट युनिटवर १६ बटणे असतात. उमेदवार वाढले की खालची नावे दुसऱ्या युनिटवर जातात. चिन्ह पाहून बटण दाबणारा सहसा चुकत नाही. फसतो तो नाव वाचणारा, म्हणजे साक्षर मतदार.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

नावे सारखी असल्यास व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य खूण जोडून फरक दाखवावा, असे १९६१ चे निवडणूक नियम सांगतात. मे २०१५ पासून मतपत्रिकेवर छायाचित्र आले. २०२५ च्या बिहार निवडणुकीपासून ते रंगीत झाले. नावावरून उमेदवारी मात्र रोखता येत नाही. तशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ऐकण्यास नकार दिला. आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाचा निवडणूक लढवण्याचा हक्क जात नाही, असा त्यामागचा साधा तर्क. लोकसभेसाठी सर्वसाधारण अपक्षाला लागतात दहा सूचक आणि २५,००० रुपये अनामत. हा अडसर फार उंच म्हणता येणार नाही.

सहा पन्नीरसेल्वम

मराठी नावात वडिलांचे पूर्ण नाव असते, म्हणून वाचणाऱ्याला निदान एक धागा मिळतो. तमिळ पद्धतीत बहुधा आद्याक्षरच उरते. २०२४ मध्ये रामनाथपुरममध्ये माजी मुख्यमंत्री ओ. पन्नीरसेल्वम यांच्यासमोर आणखी पाच ओ. पन्नीरसेल्वम उभे राहिले. शिवाय ते स्वतः अपक्ष, त्यामुळे पक्षाच्या गटातली वरची जागाही नव्हती आणि सहाही नावे एकाच गटात आली. वेगळेपण उरले ते फणसाच्या चिन्हात आणि छायाचित्रात. ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, पण दीड लाखाहून अधिक मतांच्या फरकाने. तिथे नामबंधूंमुळे निकाल बदलला नाही.