मोबाइलवर चित्र दिसतं, पण आवाज येत नाही? अख्खा व्हिडिओ कन्व्हर्ट करू नका

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन म्हणा किंवा घरातल्या लग्नाचं शूटिंग म्हणा, शूटिंगवाला पेनड्राइव्ह देतो. टीव्हीला लावला की सगळं नीट चालतं. तीच फाइल मोबाइलमध्ये घेतली की चित्र पळतं आणि आवाज गायब! मग कुणी म्हणतं फाइल खराब आहे, कुणी म्हणतं मोबाइलचा स्पीकर गेला. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतं. अडचण फक्त आवाजाच्या प्रकाराची असते.

व्हिडिओची फाइल जेवणाच्या डब्यासारखी असते. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज. सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली. त्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर आपल्याकडे भरपूर शूटिंग झालं. या फाइलच्या नावाशेवटी बहुधा एमटीएस असं लिहिलेलं असतं. तिच्यातलं चित्र एच-२६४ प्रकारचं असतं, ते आजचा कोणताही स्मार्टफोन दाखवतो. आवाज मात्र बहुतेक वेळा एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल असतो. टीव्हीत तो वाजवायची सोय बहुधा असते. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ती असेलच असं नाही, आणि काही फुकटच्या प्लेअरमध्ये परवान्याच्या भानगडीमुळे ती नसते. एएसी प्रकारचा आवाज मात्र सगळ्या अँड्रॉइड मोबाइलवर चालतो.

म्हणून पहिला उपाय अगदी सोपा. प्ले स्टोअरवरून व्हीएलसी घ्या आणि तीच फाइल त्यात लावून बघा. व्हीएलसीकडे एसी-३ वाजवायची स्वतःची सोय आहे. आवाज आला, तर फाइल धडधाकट आहे हे नक्की झालं. फक्त स्वतः बघायचं असेल तर काम इथंच संपलं.

पण पुण्या-मुंबईतल्या पाहुण्यांना फाइल द्यायची असते, प्रत्येकाला व्हीएलसी घ्यायला कोण सांगणार? मग लोक दुकानात जातात आणि ‘कन्व्हर्ट करून द्या’ म्हणतात. खरं नुकसान होतं ते इथंच. दुकानदार अख्खी फाइल बदलतो. आवाजाबरोबर चित्रही नव्याने दाबलं जातं, साइज लहान होते, आणि मांडवात मागच्या रांगेत बसलेल्यांचे चेहरे पुसट होतात. लग्नातले आजोबा आज हयात नसतील, त्यांचं दुसरं शूटिंगही नसेल, तर तो पुसट झालेला चेहरा पुन्हा साफ होत नाही. तोवर कॅमेऱ्याचं कार्ड पुढच्या ऑर्डरसाठी पुसलेलं असतं.

बदलायचा आहे फक्त आवाजाचा कप्पा. चित्राला हात लावायचा नाही. दुकानात गेलात तर एवढंच सांगा, ‘व्हिडिओ कॉपी ठेवा, ऑडिओ फक्त एएसी करा.’ घरी कॉम्प्युटर असेल तर अवीडेमक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात फाइल उघडा. डाव्या बाजूला तीन निवडी दिसतील. व्हिडिओला ‘कॉपी’ राहू द्या, ऑडिओला एएसी निवडा, फॉरमॅटला ‘एमकेव्ही मक्सर’ घ्या आणि सेव्ह करा. चित्र नव्याने बनत नसल्याने तासन्‌तास थांबावं लागत नाही, बहुधा काही मिनिटांत होतं. आवाज १२८ केबीपीएसवर ठेवला तर तासाला साधारण ५८ एमबी लागतात. कीर्तनात मृदंग, टाळ आणि बोलणं सगळं असतं, तेव्हा १९२ ठेवलेलं बरं. तासाला ८६ एमबी झाले, बिघडलं कुठं?

आता दुसरी कटकट. तीन तासांच्या शूटिंगमध्ये मंगलाष्टकं नेमकी कुठं आहेत? बोटाने पुढे-मागे करून माणूस वैतागतो. पोथीत जसे अध्याय, तशा व्हिडिओतही खुणा घालता येतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. चॅप्टर म्हणजे फाइलमध्ये ठेवलेली वेळ आणि नावांची छोटी यादी. चित्र कापलं जात नाही, साइजही वाढल्यासारखी वाटत नाही.

त्यासाठी एमकेव्हीटूलनिक्स हे फुकट सॉफ्टवेअर आहे. आधी व्हिडिओ बघत कागदावर वेळा लिहून घ्या: ००:०० हळद, ४२:१० वरात, १:१५:३० मंगलाष्टकं, २:२०:०० पंगत. हे काम घरातल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन करा, कारण कोण कुठं बोलतंय हे त्यांनाच ओळखू येतं. ‘आजोबांचं बोलणं’ अशीही एक खूण घालता येते. मग चॅप्टर एडिटरमध्ये एकेक वेळ आणि नाव भरा आणि त्याच एमकेव्ही फाइलमध्ये सेव्ह करा. नावं मराठीत चालतात. क्रम लक्षात ठेवा, आधी आवाज, मग खुणा. आवाज बदलताना नवी फाइल बनते, तिच्यात आधी घातलेल्या खुणा राहतीलच असं नाही.

मोबाइलवरच्या व्हीएलसीत या खुणा मेनूमध्ये दिसतात. बऱ्याच टीव्हींवर दिसत नाहीत, तो टीव्हीचा दोष, फाइलचा नाही.

कॉम्प्युटर नसेल तर यूट्यूबवर फाइल ‘अनलिस्टेड’ ठेवून चढवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढवायला आधी मोबाइल नंबरची पडताळणी करावी लागते. खाली माहितीच्या जागेत वेळा आणि नावं एकाखाली एक लिहिली की चॅप्टर आपोआप तयार होतात. पहिली वेळ ०:०० हवी, निदान तीन खुणा हव्यात, आणि प्रत्येक भाग १० सेकंदांचा तरी हवा. आकडे इंग्रजीत टाइप करा. वरातीतल्या बँडने सिनेमाची गाणी वाजवली असतील तर हक्काच्या कारणावरून यूट्यूब व्हिडिओ अडवू शकतं, हेही लक्षात असू द्या.

पेनड्राइव्हचंही एक आहे. तो एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात बसत नाही, मग जागा ६४ जीबी का असेना. अशा वेळी एमकेव्हीटूलनिक्समध्येच चॅप्टरप्रमाणे तुकडे करता येतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सअॅप ती पुन्हा दाबतं.

नवी फाइल हातात आली की ती शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत पळवून बघा. सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज कधी कधी शेवटाकडे मागे-पुढे होतात. ते जुळतंय याची खात्री होईपर्यंत शूटिंगवाल्याला कार्ड पुसू देऊ नका, आणि मूळ एमटीएस फाइलही दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर मागून घ्या.