क्रोमचा मुलामा आणि त्याखालचा गंज

दसऱ्याच्या सकाळी दाराशी वाहने धुऊन, त्यांना हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घालण्याचा परिपाठ आपल्याकडे घरोघर आहे. आणि देवघरातील तांब्यापितळेची भांडी चिंच लावून घासण्याचा जो पिढीजात संस्कार आपल्या हाताला जडलेला असतो, तोच या प्रक्षालनाच्या उत्साहात मोटारीच्या बंपरावर आणि फटफटीच्या लेगगार्डवरही चालविला जातो. पितळेचा तांब्या आतबाहेर पितळेचाच असल्यामुळे घासण्याने त्याचा थोडा अंश झिजला, तरी खाली पुन्हा पितळच लागते. क्रोमची गोष्ट निराळी आहे. वाहनाच्या शोभेच्या भागांवरील क्रोमियमचा थर बहुधा पाव ते अर्धा मायक्रॉनच जाड असतो. म्हणजे माणसाचा केस 70 मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ.

ज्या आरशासारख्या झळाळीचे श्रेय आपण क्रोमला देतो, ती वस्तुतः त्याच्याखालील 10 ते 30 मायक्रॉन जाडीच्या निकेलची असते. पूर्वीच्या मोटारींवर हे निकेल उघडेच असे आणि हवेने ते पिवळट पडत असल्यामुळे शोफराची निम्मी सकाळ त्याला पॉलिश करण्यात जाई. फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याने 1797 साली क्रोमियमचा शोध लावला खरा, परंतु विजेच्या साह्याने त्याचा व्यापारी प्रमाणावर मुलामा देण्याची रीत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्या संशोधनामुळे 1920 नंतरच्या दशकात हाती आली, आणि लवकरच निकेलवर क्रोमचे आवरण चढविणे हा मोटारधंद्याचा दस्तूर होऊन बसला. क्रोमियम स्वतः काळवंडत नाही, कारण हवेचा स्पर्श होताच त्यावर ऑक्साइडाचे एक पारदर्शक, अभेद्य पटल तयार होते व ते ओरखडले तरी आपोआप पुन्हा जुळून येते.

मग क्रोमवर ते तांबूस ठिपके कोठून येतात? ते क्रोमचे नव्हेत. ते अगदी तळाच्या लोखंडाचे. क्रोमच्या थरात अतिसूक्ष्म भेगा आणि छिद्रे असतात, त्यांतून खारट ओलावा निकेलपर्यंत पोहोचला की दोन धातूंमध्ये विद्युतघट सिद्ध होतो, आणि भोवतालच्या विस्तीर्ण क्रोमपृष्ठाचा सारा भार त्या चिमुकल्या छिद्राशी उघड्या पडलेल्या निकेलवर येऊन ते वेगाने कुरतडले जाते व खालचे लोखंड उघडे पडते. यावर अभियंत्यांनी काढलेली तोड मला फार मौजेची वाटते: छिद्रे बुजविण्याची खटपट सोडून त्यांनी क्रोमच्या थरात डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे बुद्धिपुरस्सर पाडविली, जेणेकरून तो मारा एका जागी न पडता सर्वत्र वाटला जाऊन प्रत्येक ठिकाणी निरुपद्रवी व्हावा. समुद्राच्या हवेतील क्षार क्रोमचे ऑक्साइड-पटलही दुबळे करतात, म्हणून मुंबईच्या किंवा कोकणकिनाऱ्याच्या गाडीला हा उपद्रव देशावरच्या गाडीपेक्षा लवकर होतो.

तेव्हा क्रोम प्रथम भरपूर पाण्याने, मग सौम्य साबणाने व मऊ फडक्याने धुवावे. कोरड्या धुळीवर फडके फिरविणे म्हणजे वाळूने घासणेच होय. गंजाचे ठिपके उमटले असतील, तर ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळावा; हा धातू क्रोमहून पुष्कळ मऊ असल्यामुळे गंज निघतो आणि मुलाम्यावर सहसा चरे पडत नाहीत. तारेची जाड घासणी मात्र वर्ज्य, आणि संडास धुण्याचे ॲसिड त्याहूनही वर्ज्य, कारण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल हेच जुना क्रोम उतरविण्यासाठी मुलाम्याच्या कारखान्यांत वापरले जाते. पोपडे सुटून लोखंड उघडे पडले असेल, तर पुन्हा मुलामा देण्यावाचून इलाज नाही.

स्वच्छ झालेला भाग पूर्ण कोरडा करून त्यावर मेणाचा हात द्यावा. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नाबा मेण यासाठी प्रसिद्ध आहे. क्रोमला त्याची गरज नाही, गरज आहे ती त्या छिद्रांना, आणि मेण झिजत असल्यामुळे पावसाळ्याआधी व नंतर तरी हा बंदोबस्त नव्याने करावा लागतो. सायलेन्सरच्या इंजिनाकडील टोकाचा निळसर-पिवळा डाग मेणाने टळत नाही; तो उष्णतेने जाडावलेल्या ऑक्साइडाच्या थरातील प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाचा रंग असतो, आणि तेथे लावलेले मेण जळूनच जाते.

बंपराची मागील बाजू सहसा कोणी पाहत नाही. मुलामा देताना विद्युतप्रवाह खोलगट व आतल्या भागांपर्यंत अपुरा पोहोचतो, म्हणून तेथील थर मुळातच विरळ असतो, आणि चाकांनी उडविलेला ओला चिखल नेमका तेथेच साचून राहतो. समोरून निष्कलंक दिसणारा बंपर पुष्कळदा पाठीकडून पोखरला जातो तो यामुळेच. म्हणून फडक्याची निम्मी मेहनत त्या बाजूला द्यावी, चिखल खरवडून काढावा आणि मेणाऐवजी तेथे गंजरोधक रंगाचा एक हात सरळ मारून टाकावा.