दफ्तराबाहेरचे वहिवाटदार

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता ज्या मुलखातून जातो, तो मुळात पर्जन्यछायेचा मुलूख. आणि १८७६-७७ च्या दुष्काळाची होरपळ सोसल्यानंतर नीरा नदीचा डावा कालवा या भागातून खोदला गेला नसता, तर लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी या गावांच्या शिवारांत आज जो ऊस आणि जे पानमळे दिसतात, त्यांतले काहीच दृष्टीस पडले नसते. परंतु पाटाचे पाणी आले म्हणजे ते एकट्या मनुष्यासाठी येत नाही. ओलीच्या मागोमाग गवत, गवतामागोमाग किडा, किड्याच्या मागावर बेडूक आणि पाल, उसाच्या सरीत उंदीर आणि उंदरापाठोपाठ धामण, असे सगळे गणगोत कालव्याच्या कडेने गावात शिरते आणि त्यांतले कित्येक जण उंबरठा ओलांडून घरातच मुक्कामाला येतात. शेळगावातल्या कोणत्याही घराचा उतारा काढला, तर त्यावर नाव एका कुटुंबाचेच असावयाचे. पण दिवेलागणीनंतर स्वस्थ बसून भिंतींकडे, आढ्याकडे आणि न्हाणीच्या कोपऱ्याकडे पाहिले, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट कितीतरी जणांची आहे हे ध्यानात येते. या वहिवाटदारांविषयी, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता मनाला जी एक हितकर सवय लागते तिच्याविषयी, हा लेख आहे.

मनुष्याचे मन स्वभावतः वाईटाची नोंद ठळक अक्षरांत करते आणि चांगल्याची पुसट. दिवसभरात दहा जण आदराने बोलले आणि एकाने अपमान केला, तर रात्री अंथरुणावर आठवतो तो अपमानच. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरील संशोधनांचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा नातेसंबंध, शिक्षण, स्मरण अशा बहुतेक सर्व क्षेत्रांत वाईटाचा प्रभाव चांगल्यापेक्षा बलवत्तर असतो, हाच निष्कर्ष निघाला. यात मनाचा दोष मानण्याचे कारण नाही. ज्या पूर्वजाला गवतातली सळसळ लक्षात राहिली तोच जगला, ज्याला नुसते फूल लक्षात राहिले त्याचा भरवसा नव्हता. मात्र या प्रवृत्तीला थोडे वळण लावता येते, असेही पुढे दिसून आले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही जणांना १० आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितले होते. आपल्या कटकटी लिहिणाऱ्यांच्या तुलनेत या मंडळींना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटू लागले. पुढे २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा उपक्रम तपासून पाहिला आणि त्याचा सुपरिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकल्याची नोंद केली.

या दुसऱ्या उपक्रमातली एक अट सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सारे मर्म त्या अटीतच आहे. चांगली गोष्ट नुसती लिहावयाची नसते. ती का घडली, याचे कारणही तिच्यापुढे लिहावयाचे असते. कारण शोधावयाचे म्हणजे पाहावे लागते, आणि पाहावयाचे म्हणजे काही वेळ एका ठिकाणी स्थिर व्हावे लागते. तुमच्याआमच्या दिवसात बढती, बक्षीस, मंगलकार्य रोज घडत नाही. मग रोजच्या तीन गोष्टी आणावयाच्या कोठून? त्या घरातच आहेत, आणि त्यांतल्या निदान एकीचे कारण भिंतीवर चार पायांनी चिकटून बसलेले असते.

पालीविषयी आपल्याकडे जितका तिटकारा आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही निरुपद्रवी प्राण्याविषयी क्वचितच असेल. ती अंगावर पडली तर पंचांगात फळ पाहावयाचे, चुकचुकली तर बोलणे थांबवावयाचे, आणि दुधात पडली तर विषबाधाच, अशी समजूत. वस्तुतः आपल्या घरातल्या पालीला विष नसते. तिच्या विष्ठेतून अपायकारक जंतू अन्नात जाऊ शकतात, म्हणून भांड्यावर झाकण हवे, इतकीच काळजी पुरेशी आहे. ट्यूबलाइटच्या कडेला ती निश्चल बसते, पाकोळी टेकली की मान किंचित वळवते, दोन पावले सरकते, थांबते, आणि मग जी झेप घेते तिचा शेवट डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते तोंडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर राहिलेले पंख. गुळगुळीत छतावर ती उलटी कशी चालते, हे कोडे शास्त्रज्ञांना फार दिवस पडले होते. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ मध्ये पालीच्याच कुळातल्या टोके या मोठ्या जातीवर केलेल्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले, की तिच्या एकेका पावलाखाली सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात, प्रत्येक केसाची टोके शेकडो शाखांत फुटलेली असतात, आणि त्या शाखा पृष्ठभागाच्या इतक्या निकट जातात की रेणूरेणूंमधले क्षीण आकर्षणच तिला तोलून धरते. चिकटा नाही, शोषण नाही. आमच्या घरी कोणी पालीवर केरसुणी उगारली, की आजी ओसरीवरून म्हणत असे, "राहू दे रं लेका, तिचं तिला पोट हाय." आजीला रेणूंची वार्ता नव्हती, पण त्या एका वाक्यात पालीचा घरावरचा हक्क आणि तिचे काम या दोन्ही गोष्टी मान्य केलेल्या होत्या.

याहूनही अधिक वेळ देऊन पाहावी अशी वहिवाटदार म्हणजे कुंभारीण. उन्हाच्या दिवसांत हौदापाशी किंवा मोरीच्या तोंडाशी जेथे चिखल ओला राहतो, तेथे ही नाजूक कमरेची माशी उतरते, जबड्याने आणि पुढच्या पायांनी चिखलाची वाटाण्याएवढीही नसलेली गोळी वळते आणि ती घेऊन थेट घरात येते. खिडकीची चौकट, विजेच्या मीटरची पेटी, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, अशी आडोशाची जागा तिने आधीच मुक्रर केलेली असते. एकेक पट्टी चढवीत ती मडक्यासारखी गोलाई साधते, वर अरुंद गळा काढते आणि त्याला बाहेर वळलेला काठही देते. मग आत छताला एका तंतूवर एकच अंडे टांगते, आणि त्यानंतर सुरू होते बेगमी: शेतातल्या, परसातल्या हिरव्या अळ्या ती नांगी मारून बधिर करते, त्यांना ठार करीत नाही, आणि एकामागून एक त्या गळ्यातून आत सारते, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पोराला ताजे अन्न मिळावे. कोठी भरली की तोंड लिंपून ती निघून जाते आणि आपले अपत्य तिच्या दृष्टीस कधीही पडत नाही. तिच्याच नात्यातली दुसरी एक जात अळ्यांऐवजी कोळी भरते. माणसाला कुंभारीण सहसा डसत नाही. पकडली, चिरडली तरच नांगी वापरते. ज्याच्या घरात हे बांधकाम चालू आहे आणि ज्याने ते एकदाही पाहिलेले नाही, त्याने दिवसाकाठी तीन चांगल्या गोष्टी मिळत नाहीत अशी तक्रार करू नये, असे मला मनापासून वाटते.

कोळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. जाळे न विणणारा, चपटा, करड्या रंगाचा, तळहातभर पसरलेला जो मोठा कोळी रात्री भिंतीवर दिसतो आणि ज्याला पाहून घरात आरडाओरडा होतो, तो झुरळांचा शिकारी आहे. त्याची मादी पांढऱ्या चकतीसारखी अंड्यांची पिशवी पोटाखाली धरून हिंडते. असे सोबती फक्त खेड्यातच असतात अशीही समजूत नको. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली शहराच्या परिसरातली ५० घरे कीटकतज्ज्ञांनी कानाकोपऱ्यांसह तपासली, तेव्हा कीटक, कोळी आणि तत्सम जीवांचे ५७९ निरनिराळे प्रकार सापडले, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचे म्हणणे असे, की यांतले बहुसंख्य जीव उपद्रवी नव्हतेच. घर म्हणजे केवळ माणसाचे, ही कल्पना कोणत्याही देशात खरी ठरत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते आणि त्यांनी त्याची तजवीज आचारातच करून ठेवली होती. गृहस्थाने नित्य करावयाच्या पाच यज्ञांत एक भूतयज्ञ; जेवणापूर्वी काढून ठेवावयाचा अन्नाचा भाग, गोग्रास, काकबळी; नागपंचमीला न नांगरण्याचा आणि विळीने न चिरण्याचा दंडक; मुलाला भरविताना चिऊचा आणि काऊचा म्हणून काढलेला घास, ही सगळी एकाच वृत्तीची रूपे आहेत. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी शेळगावच्या शिवारालगतच्या याच रस्त्याने पंढरीस जाते, आणि ओळखदेख नसलेल्या वारकऱ्याला पाणी आणि भाकरी देण्याची रीत या गावांना नवी नाही. त्याच तुकोबांची आख्यायिका अशी, की शेताच्या राखणीला बसविले असता त्यांनी कणसांवर उतरलेल्या पाखरांना हाकलले नाही. आख्यायिकेचा इतिहास म्हणून निवाडा करण्याची गरज नाही. तिला शतकानुशतके आवडीने सांगणारा समाज कोणता गुण पूज्य मानीत आला, हे तिच्यावरून कळते.

परंतु सहनशीलतेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पाहावयाचे असेल, तर शेळगावहून तालुक्याच्या ठिकाणी जावे. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या झाडांवर चित्रबलाक या मोठ्या करकोच्यांची वसाहत आहे. सातबाऱ्याचे, फेरफाराचे, दाखल्याचे काम घेऊन आलेले अर्जदार खाली उभे असतात आणि वर काटक्यांच्या घरट्यांतून पिलांचा कालवा चाललेला असतो. पिवळी लांब चोच, नारिंगी उघडे डोके, छातीवर काळा-पांढरा पट्टा आणि शेपटीपाशी गुलाबी पिसांची झाक असलेला हा पक्षी प्रौढपणी जवळजवळ मुका असतो. चोचीची खटखट हेच त्याचे बोलणे. उन्हाळ्यात दुपारचे ऊन घरट्यावर सरळ येऊ लागले, की आई किंवा बाप उन्हाकडे पाठ करून पंख पसरून उभा राहतो आणि त्या सावलीत पिले दडतात. इतकेच नव्हे, तर घशातून पाणी आणून पिलांना पाजतानाही या पक्ष्यांना पाहिले गेले आहे. उजनीच्या जलाशयातले मासे हा त्यांचा शिधा. अशा वसाहतीखाली पांढऱ्या विष्ठेचा सडा पडतो, अर्धवट मासे पडतात, दुर्गंधी येते. हे सारे सोसल्याविना हा शेजार लाभत नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करेबेल्लूर या गावाने अशाच पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या घराशेजारच्या झाडांवर थारा दिला आणि त्यांच्या विष्ठेचे खत शेतात घातले. सरकारी आवारात, जेथे माणसाचाही शिरकाव अर्जाशिवाय होत नाही, तेथे विनाअर्ज आलेल्या पाखरांना बिनतक्रार राहू देणे, ही इंदापूरकरांची गोष्ट मला अत्यंत मोलाची वाटते.

आता मर्यादेचीही गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण जी दया ओळखीवाचून केली जाते ती जिवावर बेतते. डास, ढेकूण, उंदीर आणि झुरळे यांना घरात मुभा देण्याचे कारण नाही. १८९७ मध्ये प्लेगने पुण्याची काय दशा केली, ते या जिल्ह्याने विसरू नये. आणि डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, म्हणून पिंप आणि हौद आठवड्यातून एकदा कोरडे करणे हे कर्तव्यच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांशी सलगी नको. घरात पालीच्या मागावर येणारा कवड्या बिनविषारी, पण दिसण्यात मण्यारीच्या इतका जवळचा की अननुभवी माणसाने स्वतः निवाडा करूच नये. साप दिसला की पोरांना आणि जनावरांना दूर करून, त्याच्यावर लांबून नजर ठेवून, जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे, म्हणजे मण्यारीचे आणि डासाचे भय एकदमच कमी होते.

यंदा दिवाळीच्या रंगसफेदीला हात घालाल, तेव्हा कुंभारणीच्या घरांवर सरसकट खरवडणी फिरवू नका. मातीच्या घराला गोल छिद्र पडलेले असेल, तर आतला जीव बाहेर पडला आहे. ते खुशाल काढून टाका. तोंड लिंपलेले असेल, तर आत कोणी वाढत आहे. तेवढा हातभर भाग तूर्त सोडून रंग द्या, आणि छिद्र पडेल तेव्हा त्यावर हात फिरवा.